अप्रूप कशाचं?

“बोट चावा! चावा आधी!”

पंकजा दचकलीच. राळेगणच्या अलीकडच्या फाट्यावर एसटीतून उतरून ती नुकती वस्तीवर पोचली होती. मांडवाला इवलासा दुधी लोंबत होता. अंगावर पांढरी लव, टोकाला अजून फूल चिकटलेलं... “अगंबाई!” म्हणत तिनं हसून बोट दाखवलं, तोच हा माणूस हातातलं खोरं टाकून धावत आला.

“कोवळ्याला बोट दाखवलं की सडतं ते. चावलं की दोष जातो.”

“आणि नाही चावलं तर?”

“तर आई मला जेवायला घालायची नाही.”

हसू दाबत तिनं बोट चावलं. “मग दाखवायचं तरी कसं?”

“असं.” त्यानं बोट दुमडून नुसतं पेर पुढं केलं. अलगद, जणू कुणाची झोप मोडेल. आणि तिच्याकडं बघून हसला.

हा कानिफनाथ. डाळिंबाची बाग आणि दोन म्हशी सांभाळणारा. पंकजा पारनेरची, एका कॉलेजसाठी गावोगावचे शब्द गोळा करत फिरायची. कानिफनाथची आई साळूबाई म्हणजे शब्दांची कणगीच, असं कुणीतरी सांगितलं म्हणून आलेली.

“मावशी, विस्मय म्हणतात तुमच्यात?”

“न्हाई बाई. आमी अप्रूप म्हंतो.”

“तो शब्द मूळचा अपूर्व. पूर्वी कधी नव्हतं ते. तोंडातोंडी घोळत त्याचं अप्रूप झालं. आणि विस्मयात तर चक्क स्मित आहे. फार मोठं काही समोर आलं की माणूस आधी हसतो, मग हात जोडतो.”

“म्हणजे मघाशी दुधी बघून हसलात, तो विस्मय?” दारातून कानिफनाथनं विचारलं.

“हो. आणि तुम्ही मला बघून हसलात, तो?”

त्याला एकदम म्हशीला पाणी दाखवायचं आठवलं.

त्या एका शब्दासाठी पंकजाच्या चार खेपा झाल्या. वहीत मात्र दोनच ओळी.

चौथ्या खेपेला ती ठिबकच्या नळीशी बसलेल्या कानिफनाथला म्हणाली, “रविवारी मला बघायला येतायत. चाकणला कंपनीत आहे मुलगा.”

“चांगलंय की...” तो म्हणाला, आणि मघाशीच साफ झालेली नळी पुन्हा पुसत राहिला.

ती तडक घरात आली. साळूबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“तो न्हाई बोलायचा, बाई. सात पोरींनी न्हाई म्हनलं त्याला. शेतकरी नको म्हनत्यात. आता कुनाला इचारायचंच न्हाई, असं ठरवून बसलाय.”

पंकजानं एक जुडी पुढं ओढली. “मला शेताची भीती नाही, मावशी. भीती वेगळीच आहे. अपूर्व म्हणजे आधी नव्हतं ते. मग एकदा मिळालं, रोजचं झालं, की अप्रूप संपणारच ना?”

“नव्याचे नऊ दिस, ते खरं. पन अप्रूप नव्याचं कुठं अस्तंय?” साळूबाईंचे हात थांबले. “मी लगीन हून आले, तवा दोन मैलावरनं पानी आनायचे. आता हिरीला पानी हाय, तीस वर्सं झाली. तरी सकाळी उठून वाकून बघितल्याबिगर मला चहा जात न्हाई. ज्याच्यावाचून दिस काढल्यात ना, त्याचं अप्रूप सरत न्हाई.”

दोन खेपांच्या मधल्या दिवसांत पंकजानं एसटीचं वेळापत्रक किती वेळा काढून बघितलं होतं... मेथी तशीच ठेवून ती बाहेर आली.

“रविवारचं मी बाबांना नको म्हणून सांगतेय.”

“का?”

“तुमच्यावाचूनचे दिवस काढता येईनात म्हणून.”

त्यानं नळी खाली ठेवली.

“तुमच्या घरी विचारायला आलो, तर आठवा नकार झेपायचा नाही, पंकजा.” आजवर तो तिला मॅडम म्हणायचा.

“मग तुम्ही येऊच नका. मीच येते रविवारी, बाबांना घेऊन. तुम्हाला बघायला. नकार द्यायचा, तर तुम्ही द्या.”

“म्हणजे... चहा घेऊन मी यायचं?”

“खाली मान घालून.”

“आनि सैपाक येतो का इचारलं, तर खोटं बोलू नगं रं!” घरातून साळूबाई ओरडल्या.

पंकजानं वडिलांना फोन लावला. कानिफनाथची मान आत्तापासूनच खाली गेली होती, आणि कान डाळिंबाच्या फुलासारखे लाल.