बाही सोडा!

दवाखान्यात नंबर पुकारला तशी ती उठली, तिचा तोल गेला आणि उजव्या हाताने शेजारच्या अनोळखी माणसाची बाही धरली. धरली ती धरलीच.

"अहो... बाही सोडा ना," तो हसला.

"मला काय हौस आहे?" ती भडकली. "स्ट्रोक येऊन गेलाय. हात धरतो, सोडत नाही!"

झालं, दोघांची वरात थेट थेरपीच्या खोलीत. तिथल्या थेरपिस्ट बाईंनी तिच्या हातावर, मनगटाच्या वर दोन पॅड चिकटवून विजेच्या मशीनचं बटण फिरवलं. मुंग्या आल्या, बोटं उघडली आणि चुरगळलेली बाही एकदाची सुटली.

"होईल ना हो हिचं नीट?" सोबत आलेल्या आईने बाईंना विचारलं. सगळे असंच विचारायचे, जणू ती तिथे नव्हतीच! तिच्या डोक्यात तिडीक गेली.

तो मात्र तिच्याकडेच बघत होता. "गळ्यात टेप... कपडे शिवायचात?"

"शिवायचे नाही, शिवीन! कात्री मिटता येते, उघडता येत नाही, एवढंच."

तो घड्याळं दुरुस्त करायचा. मामाला याच उपचारासाठी आणायचा. आठवड्यातून तीनदा भेट, तीनदा भांडण... आणि तो आला नाही की तिला करमेना. याचाही तिला रागच यायचा.

एकदा तिची बोटं दाराच्या मुठीला अडकली. त्याने पुढे होऊन ती एकेक करून सोडवली, अगदी हळुवार. ती संतापली.

"कोणी सांगितलं होतं? मी काय घड्याळ आहे, दिसलं की उघडायला?"

त्याचा चेहरा पडला. "चुकलंच माझं."

दोन आठवडे ती बोलली नाही. त्या दोन आठवड्यांत घरी मात्र कात्रीशी रोज झगडली.

मग एका सकाळी थेरपीच्या खोलीत, हाताला पॅड लावल्यावर तिने मुद्दाम त्याची बाही पकडली. बाईंचा हात बटणाकडे गेला.

"नको!" दोघं एकदम ओरडले.

त्याने आपले हात खिशात घातले. वाट बघत राहिला. तिला घाम फुटला. अंगठा हलला... मग तर्जनी... शेवटी करंगळी. बाही सुटली! मशीन बंदच होतं.

आईने डोळ्यांना पदर लावला. त्याचे हात अजून खिशातच होते, डोळे मात्र भरलेले.

तिने पुन्हा बाही धरली.

"आता काय झालं? हात सोडत नाही?" त्याने हळूच विचारलं.

"हात सोडतो," ती तणतणत म्हणाली. "मी सोडत नाहीये."