उठायला लागलेला वेळ

"तुमचा डावा पाय पाऊण इंच आखूड आहे."

पावसाची नुसती भुरभुर होती. एका हातात छत्री, दुसऱ्यात काठी अशा निवृत्त डॉक्टरीणबाई फुटपाथवरून चालल्या होत्या. मागून आलेल्या आवाजासरशी त्या गर्रकन वळल्या. म्हणजे सदुसष्टाव्या वर्षी, खुब्याच्या ऑपरेशननंतर जितकं गर्रकन वळता येतं तितकं.

बुटांच्या दुकानाच्या दारात एक उंच, काळा माणूस उभा होता. केस पांढरेशुभ्र. बोलण्यात समुद्रापलीकडच्या देशाचा हेल.

"तुम्ही माझ्या पायांकडे बघत होतात?"

"छे हो, बुटांकडे! पायांकडे उद्या बघू — आता दुकान बंद करतोय."

बाई खरं तर चिडायला हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला हजर!

दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतभर फळ्या, फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या पावलांचे लाकडी साचे. उस्ताद — हे नाव बाईंनीच पाडलं — जमिनीवर कागद अंथरत, गुडघे टेकून बसत आणि बाईंच्या गोऱ्या पावलाभोवती पेन्सिल फिरवत. अगदी सावकाश. टाचेपाशी आली की पेन्सिल उगाचच अडखळे...

"गुदगुल्या होतात हो!"

"मग हसा की. हसल्यावर पाऊल सैल पडतं, खरं माप मिळतं."

एकदा ते म्हणाले, "तुम्ही जन्मभर माणसं शिवलीत, मी चामडं. फरक एवढाच, सुई टोचली तरी माझं चामडं ओरडत नाही."

"माझीही माणसं ओरडत नसत. भूल दिलेली असे."

"असं? मला कधी दिलीत?"

बाईंनी घाईघाईने खिडकीबाहेर बघितलं. गाल तापले होते.

बूट महिन्याभरात तयार झाला. पण दर बुधवारी तो कुठे ना कुठे चावायचा. कधी करंगळीला, कधी घोट्याला. कुठेच चावेना, तेव्हा बाई म्हणाल्या, "आज जरा... उदास वाटतोय हो बूट."

उस्तादांनी तो हातात घेऊन गंभीरपणे तपासला. "बोलायला कोणी नसेल त्याच्याशी."

"मग घरी या चहाला," बाई बोलून गेल्या. आणि लगेच — "येताना हत्यारांची पिशवी आणा हं. फाटकावरच्या पहारेकऱ्याला सांगायला बरं पडतं."

उस्तादांनी हातातला बूट खाली ठेवला. मग हसले. "आणतो की. पिशवीला काय झालं?"

(चुकलं ते इथे. पण तेव्हा दोघांनाही ती गंमतच वाटली.)

सहा महिने पिशवी येत राहिली. तिच्यातलं एक हत्यार कधी बाहेर निघालं नाही. पत्त्यांचे डाव झाले, भांडणं झाली, त्यांच्या गेलेल्या बायकोचं घोरणं मोठं की बाईंच्या गेलेल्या नवऱ्याचं, यावर वाद झाला. बायको जिंकली.

मग एका दुपारी उस्ताद खुर्चीतून उठले आणि बाईंपुढे गुडघे टेकून बसले. कागद नाही, पेन्सिल नाही. त्यांनी बाईंचं पाऊल नुसतं दोन्ही तळव्यांत धरलं.

"माप कधीच संपलंय, डॉक्टरीणबाई. मग मी येतो कशाला... ते आज तुम्ही सांगा."

ओठांवर आलंच होतं.

दार उघडलं. लेक! न कळवता आलेली.

"आई? हा कोण गं?"

"बूटवाला," बाई म्हणाल्या. आणि खाली न बघता, "झालं ना माप? या आता."

उस्ताद उठू लागले.

डावा हात खुर्चीवर —

बाई बोलल्या नाहीत.

उजवा गुडघा. घसरला. पुन्हा —

बाई बोलल्या नाहीत.

कमरेवर हात. एक श्वास. आणखी एक —

बाई गालिच्याकडे बघत होत्या.

पिशवी उचलली.

"येतो, बाईसाहेब."

तीन बुधवार कोरडे गेले. चौथ्या बुधवारी बाईच दुकानात गेल्या. दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. एरवी त्या थांबल्या असत्या. आज उभ्या-उभ्याच म्हणाल्या, "उस्ताद, मी खोटं बोलले. तुम्ही माझ्यासाठी यायचात, आणि मी बुधवारची वाट बघायचे. मला तुम्ही हवे आहात."

एका गिऱ्हाइकाच्या हातातलं वर्तमानपत्र हळूच खाली आलं.

"माहीत आहे मला," उस्ताद म्हणाले. हातातला दोरा त्यांनी सोडला नाही. "आणि तो शब्दही मी धरून बसलो नाही. घाबरलं की निघतं माणसाच्या तोंडून."

"मग?"

"सत्तरीचे गुडघे आहेत माझे. उठायला वेळ लागतो. त्या दिवशी तर मी मुद्दाम आणखी सावकाश उठलो..." त्यांनी मान वर केली. "तेवढा वेळ होता तुमच्याकडे."

बाई दाराकडे वळल्या.

"बुटाचं काही काम निघालं तर जरूर आणा," ते मृदूपणे म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. "बसा. मोजा काढा."

बाहेर येऊन बाईंनी लेकीला फोन लावला.

"त्या दिवशी दिवाणखान्यात होते ना, ते... ते बुटांसाठी आले नव्हते. माझं प्रेम आहे त्यांच्यावर."

पलीकडून लेक म्हणाली —

"अगं, मग तेव्हाच सांगायचंस ना! मी काय खाल्लं असतं तुला? बरं, कुठे आहेत ते आता?"

काचेपलीकडे उस्ताद कागद अंथरत होते.

"आत," बाई म्हणाल्या. "मी बाहेर आहे."