हृदयासाठी रोज दोन

तिसरा रिपोर्टही तोच आला. काळूरामच्या लघवीत निकोटीनचा अंश.

"खोटं हाय हे," काळूराम म्हणाला. न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवणारा हा माणूस मे महिन्यात हृदयविकाराच्या झटक्यातून वाचला होता. "तवापासून तंबाखूला हात न्हाय लावला. पोरीची शपथ घेतलीय मी."

त्या शपथेवरूनच त्याची बायको विनिता पोरीला घेऊन रेवदंड्याला माहेरी निघून गेली होती. दुसरा रिपोर्ट तिने वाचला होता.

उरणच्या त्या छोट्या दवाखान्यात हेमाली घरत प्रयोगशाळा सांभाळायची. खोटं बोलणारे पेशंट तिला नवे नव्हते. पण तिन्ही रिपोर्ट शेजारी ठेवल्यावर ती थबकली. महिन्या-महिन्याच्या अंतराने केलेल्या तपासण्या, आकडे जवळजवळ सारखे. चोरून खाणारा कधी जास्त खातो, कधी कमी.

"घरात तंबाखू कोण वापरतं?"

"कोन न्हाय. भाऊ खायचा, निकेत. त्यानं पन माझ्यासंगं सोडली."

"गोळ्या कुठल्या घेता?"

"डॉक्टरांच्या. आन् या कॅप्सूल, हृदयासाठी रोज दोन. निकेतच आनून देतो."

त्याने पुढे केलेल्या बाटलीवर छापलं होतं: अँटिऑक्सिडंट. निकोटीनने झालेली हृदयाची हानी भरून काढते.

"हिच्याने हृदय वाचतं असा पुरावा नाही," हेमाली म्हणाली. "तंबाखू सोडल्याने वाचतं."

"पन लागू पडते ताई. गौरी-गनपतीत पोरीला भेटाया रेवदंड्याला गेलो, बाटली घरीच ऱ्हायली. चार दिस हात कापत व्हते. पोरीवर उगाच वसकलो. घरी येऊन घेतली, तवा कुठं शांत झालो."

हेमालीने बाटलीचं झाकण निरखलं. "हिला सील होतं?"

"पयल्या बाटलीला व्हतं. आता निकेत मोठ्या डब्यातनं भरून देतो."

"आठ दिवस ही बंद. बाटली माझ्याकडे ठेवा. कितीही तलफ आली तरी तंबाखू नको."

नवव्या दिवशी तपासणी झाली. अंश नव्हता.

तिने दोघा भावांना बोलावलं. निकेत हसतच आला. झटक्याच्या दिवशी यानेच भावाला खांद्यावर घालून इथे आणलं होतं.

हेमालीने टेबलावर दोन कॅप्सूल उघडल्या. "ही दुकानातल्या सीलबंद बाटलीतली. ही काळूरामदादांची." एकीतून फिकट हिरवी भुकटी पडली. दुसरीतून काळपट तपकिरी. खोलीत तंबाखूचा वास पसरला.

"कंपनीचीच काहीतरी—" निकेत म्हणाला.

"कंपनीची ही, हिरवी. दादा रोज मोजून दोन घेत होते, म्हणून आकडा सारखा. गणपतीत हात कापले ते निकोटीन तुटलं म्हणून. कॅप्सूल थांबवल्या, अंश गेला. आणि सील नसलेली बाटली फक्त तुमच्या हातून येत होती."

निकेतने मान खाली घातली. "मी ह्या बाटल्या इकतो. पयली बाटली झाली की कोन परत मागत नव्हतं. फरकच पडत न्हाय म्हनायचे. म्हनून जराशी भुकटी घातली. मंग सगलेच मागायला लागले."

"सगले म्हंजे?" काळूरामने विचारलं.

"ट्रेलर स्टँडवरचे. अकरा जन."

"आन् मला? मला झटका येऊन गेलेला, निकेत. मला कशाला?"

"तुला बघूनच तर ते घेतात, दादा. तू घेतोस, तू बरा झालास, म्हनून."

काळूराम उठला. "चल स्टँडवर. अकरा जनांना तू सांगायचं. माझ्यासमोर."

निकेतने सांगितलं. दोघांनी बाटल्या त्याच्या अंगावर फेकल्या. हेमालीने दिलेली तपकिरी कॅप्सूल डॉक्टरांनी तक्रारीसोबत पोलिसांकडे दिली.

हेमालीचा फोन गेल्यावर विनिता पोरीला घेऊन पहिल्या एसटीने परतली. नवा रिपोर्ट तिने दोनदा वाचला आणि काळूरामजवळ येऊन बसली.

संध्याकाळी दार वाजलं. ती बघून आली.

"भाऊजी हायत. आत येऊ का इचारतात. काय सांगू?"

"सांग, दादा घरात न्हाय," काळूराम म्हणाला. बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात.