पहिला टाकला आणि गाडी मागे गेली

मोडेनाच्या, गाड्यांच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात एप्रिलची भुरभुर चालू होती. टेबलावरच्या एका तेलकट लोखंडी सांध्यावर दोन हात एकदमच पडले. एक नीवेसचा. दुसऱ्या हाताच्या नखांत निळा रंग अडकलेला होता.

“घेऊ नका तो,” निळ्या नखांचा तरुण म्हणाला. “हलवून बघा ना. पार झिजलाय.”

“मला कसला हवाय ते तुम्हाला काय ठाऊक?”

“सकाळपासून चार टेबलांवर तुम्ही हाच सांधा विचारलात. म्हणजे मी काही तुमच्या मागे मागे नव्हतो...” तो जरा थांबला. “होतो. थोडासा.”

नीवेसला हसू आलं आणि स्वतःचाच राग आला, कारण हसत बसायला तिच्याकडे वेळ नव्हता. पण कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याकडे तिने त्याला सगळं सांगून टाकलं. तिच्या वडिलांची, एर्मेसची, दोनच सीटची जुनी स्पोर्ट्स गाडी. इंजिन पाठीमागे, गिअरबॉक्स त्याच्याही मागे. दांडा हलवला की तीन सळ्या आणि पाच सांधे ओलांडून गिअर पडणार. सांधे झिजले होते, आणि हिवाळ्यातल्या आजारानंतर पप्पांच्या उजव्या मनगटात जोर उरला नव्हता. तिसरा गिअर पडता पडत नव्हता. एके दिवशी ते गाडीतून उतरले, तिच्यावर चादर घातली आणि म्हणाले, “विकतो.” आता ते बारा दिवस साल्सोमाजोरेला गरम पाण्याच्या उपचारांना गेले होते. येणार शनिवारी. गिऱ्हाईक येणार रविवारी.

“गाडी गेली की पप्पा खुर्चीत बसतील,” नीवेस म्हणाली. “आणि मग उठायचे नाहीत. मला माहितीये.”

तरुणाचं नाव लोरिस. कोमाक्कियोला तो मोटरबोटींच्या गिअरच्या केबली बसवायचा. त्याने कागदी रुमालावर दोन रेघा ओढल्या. “सळ्या काढून टाकू. दोन केबली घालू. एक पुढे-मागे ढकलणारी, एक डावीकडे-उजवीकडे. दोन बोटांनी गिअर पडेल.”

“सळ्या काढायच्या? त्यांच्या मित्रमंडळींत हे म्हणजे धर्म बुडवणं आहे.”

“मग आधी त्यांना चालवू द्या. सांगायचं नंतर.”

तो दोन तास व्हॅन चालवत डोंगरातल्या तिच्या गावी येऊ लागला. दुपारी यायचा, अंधार पडायच्या आत निघायचा. तो गाडीखाली, ती बाजूला पाने घेऊन. तिसऱ्या दिवशी ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

“तेरा नंबरचा पाना दे.”

“दिलाय की हातात.”

“हा तुझा हात आहे.”

“मग सोड.”

“सोडतो ना... पाना मिळाला की.”

ती तिजेल्ले, म्हणजे छोटे गोल पाव, गरम गरम करून आणायची आणि त्याचे हात काळे म्हणून तोडून भरवायची. डोळे मात्र गॅरेजच्या दाराकडे लावून, कारण गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. रोज संध्याकाळी साल्सोमाजोरेहून फोन यायचा. “चादर आहे ना गाडीवर?” “आहे, पप्पा.” फोन ठेवला की ती बाजूला पडलेल्या चादरीकडे बघायची. पप्पा चिडले तर? सळ्याही गेल्या आणि गिअरही नीट पडला नाही, तर? आणि या सगळ्याच्या तळाशी एक भीती होती, जी ती कोणालाच सांगत नव्हती... काम झालं, की लोरिस कशाला येईल?

बुधवारी लोरिस हात पुसत म्हणाला, “झालं.” दांडा दोन बोटांनी फिरत होता. तो जरा घुटमळला. “आता पाण्यात बोटी उतरवायचे दिवस आलेत. काही अडलं तर कळव.”

“काही अडणार नाही,” नीवेस म्हणाली. जीभ चावावीशी वाटली, पण तोवर त्याची व्हॅन वळणावर गेली होती.

गुरुवारी सकाळी ती पाना घेऊन गाडीखाली शिरली आणि डाव्या-उजव्या केबलीचा नट सोडला. मग फोन केला. “केबल निसटलीये. येशील?” “उद्या येतो,” लोरिस म्हणाला, इतक्या चटकन की ती लाजली. दुपारपर्यंत लाजेची भीती झाली. त्याच्या कामाला आपण खोटं बोलून बट्टा लावला. ती पुन्हा खाली शिरली. केबल जिथे अडकते ती पट्टी मधल्या खिळीवर फिरायची, आणि खिळीच्या दोन्ही बाजूंना पट्टीला एकेक भोक होतं. हाताला लागलं त्यात तिने केबल घातली आणि नट आवळला. दांडा हलला, गिअर पडल्यासारखा वाटला. हुश्श.

शुक्रवारी लोरिसची व्हॅन फाटकात थांबली आणि तिच्या मागोमाग शेजाऱ्यांच्या गाडीतून हातात बॅग घेऊन पप्पा उतरले. एक दिवस आधीच. 

“चादर कुठाय?” पप्पांनी विचारलं.

“पप्पा, काही बोलू नका. आधी बघा तरी.”

ती घाईघाईने अंगणात काढलेल्या गाडीत बसली. क्लच दाबला, दांडा डावीकडे घेऊन पुढे ढकलला. पहिला. अगदी लोण्यातून गेल्यासारखा. तिने क्लच सोडला, आणि गाडी सुसाट मागे गेली, ती थेट पप्पांच्या जिरेनियमच्या कुंड्यांवर जाऊन थांबली.

 लोरिस वाकला, मागून गाडीखाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठून उभा राहिला.

“तुम्ही केलंत हे?” पप्पांनी विचारलं.

“हो. चूक माझी आहे. केबल उलट्या बाजूला बसली, डावं-उजवं उलटलं, म्हणून पहिल्याच्या जागी रिव्हर्स पडला. वीस मिनिटांत दुरुस्त होईल.”

“नको. माझ्या सळ्या काढल्यात, तेवढं पुरे. या तुम्ही. रविवारी गाडी जाणारच आहे.”

लोरिसने हत्यारांची पेटी उचलली. नीवेसने स्टिअरिंग सोडलं. आता गप्प राहिलं तर दोन्ही जाणार होतं, गाडीही आणि तोही.

“पप्पा, त्याने नाही. मी चुकवलं.” ती उतरली. “त्याचं काम बुधवारीच झालं होतं. चोख. मीच नट सोडला... मुद्दाम.”

“मुद्दाम? कशासाठी?”

“तो परत यावा म्हणून.”

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आपणही त्या कुंड्यांखाली जावं. पप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग लोरिसकडे. लोरिस कानापर्यंत लाल झाला होता.

“वीस मिनिटं म्हणालात ना?” पप्पा म्हणाले. “मग करा.”

अठरा मिनिटं लागली. पप्पा गाडीत बसले. कमजोर मनगटाने त्यांनी दांडा नुसता दोन बोटांत धरला. गाडी पुढे गेली, फाटकाबाहेर, घाटाच्या चढाला लागली. दोघं कान देऊन उभे राहिले. दुसरा. मग वळण... तिसरा पडला. ना करकर, ना झटका.

“तुला माहीत होतं?” तिने हळूच विचारलं.

“ज्या भोकात केबल बसवायची, त्याला मी पिवळा ठिपका लावतो. ते भोक मोकळं दिसलं.”

“मग दोष का घेतलास?”

“म्हटलं, माझं काम तुला आवडलं नसेल, म्हणून उघडलं असशील. पप्पांसमोर तुला कशाला अडकवू?” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “बुधवारी मी एकच नट तासभर पुसत बसलो होतो, नीवेस. तुझ्या लक्षात आलं नाही?”

तिने त्याचा काळा हात धरला, आणि या वेळी पाना मागितला नाही.

अर्ध्या तासाने गाडी परतली. पप्पांचे केस वाऱ्याने विस्कटले होते. त्यांनी इंजिन बंद केलं नाही, नुसती काच खाली घेतली.

“नीवेस, त्या गिऱ्हाइकाला फोन कर. येऊ नको म्हणावं.” मग ते लोरिसकडे वळले. “आणि तू, रविवारी जेवायला ये. त्यासाठी इथे काही बिघडावं लागत नाही.”