मिरीचा नकार

बसथांब्यावरच्या सगळ्यांनी आधी मिरीकडे पाहिलं, मग हेमांगीकडे आणि मग पुन्हा मिरीकडे. त्यात नवल काहीच नव्हतं. कमरेएवढी घोडी, चारही खुरांना रबरी बूट, अंगावर करडा पट्टा आणि चेहऱ्यावर निवृत्त मुख्याध्यापिकेचा शांतपणा, असं ध्यान रोज कुठे दिसतं?

"आई, हे घोड्याचं पिल्लू आहे?" एका मुलीनं विचारलं.

"नाही गं, पूर्ण वाढलेली आहे. तुझ्याच वयाची असेल," हेमांगी आवाजाच्या दिशेनं हसत म्हणाली. "तिला माझे डोळे म्हणतात."

मागे उभे असलेले हेमांगीचे वडील उदेसिंग गिरासे तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "घोडी कसाले म्हणतस? हाई तं बकरी शे."

त्यांचंही बरोबर होतं. त्यांच्या तीन पिढ्या सारंगखेड्याच्या यात्रेत उंच, डौलदार घोडे घेऊन उतरत आल्या होत्या. त्या घरची लेक अशा बुटक्या घोडीचा पट्टा धरून चालते हे त्यांच्या मिशीला मानवत नव्हतं. तरीही ते आज आले होते, कारण घोडामैदान आता खरोखरच जवळ होतं. बसथांब्यापासून ग्रंथालयापर्यंत मिरीनं हेमांगीला नीट नेलं, तर ती कायमची तिच्याकडे राहणार होती. नाही नेलं, तर ती परत प्रजनन केंद्रात जाणार होती आणि हेमांगीच्या हाती चाकांचं वाटाड्या-यंत्र येणार होतं.

हेमांगीची दृष्टी ऐन पंचविशीत एका आजारानं गेली. त्यानंतर दहा वर्षं तिला एका कुत्र्यानं सांभाळलं. तो गेला तेव्हा ती म्हणाली, तसं रडायची पुन्हा माझी तयारी नाही. घोडा तीस वर्षं जगतो, त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, आणि घराला अंगण असेल तर तो जड जात नाही. पण कुठे घोडं पेंड खात होतं, तर त्याच्या भित्रेपणापाशी. पिशवी फडफडली तरी उधळणारा प्राणी गर्दीत न्यायचा कसा?

उत्तर त्या करड्या पट्ट्यात होतं. घोडा बिचकण्याआधी त्याच्या खांद्याचे स्नायू ताठरतात, हृदयाचे ठोके बदलतात. पट्टा ते टिपून हेमांगीच्या हातातल्या दांड्यापर्यंत पोचवत असे. तंत्रज्ञांनी आधी त्यासाठी शिट्ट्या बसवल्या होत्या. हेमांगीनं त्या काढायला लावल्या. यात्रेत व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात, ते तिला लहानपणी वडिलांनी शिकवलं होतं. तीच भाषा तिनं दांड्यात घालून घेतली. आता त्यातल्या पाच मऊ गाद्या तिच्या तळव्यावर दाबत. एक बोट म्हणजे सावध. दोन म्हणजे हळू. आणि पूर्ण मूठ आवळली तर गिरास्यांच्या घरात तिचा एकच अर्थ होता: नाही. कितीही बोला, हे जनावर जाणार नाही.

दांड्यावर एक शांतकळही होती. ती मात्र सहचर-प्राणी मंडळाच्या नियमानं बसवलेली होती. दोन घोड्यांचा जीव जडला की ते एकमेकांचे खांदे दातांनी हळुवार खाजवतात, आणि त्यांचे ठोके मंदावतात. कळ दाबली की पट्टा मिरीच्या खांद्यावर अगदी तसाच स्पर्श करी. मग तिची भीती विरघळे आणि ती सांगाल तिकडे निघे.

"निघू या," डॉ. मृणाल तेंडोलकर म्हणाल्या. त्याच मंडळाच्या त्या परीक्षक होत्या, आणि जनावरांच्या डॉक्टरही.

मिरी निघाली. आवाज न करणाऱ्या गाड्या, स्वतःच वळणाऱ्या बसेस, भाजीवाल्यांच्या टोपल्या या सगळ्यांतून तिनं हेमांगीला अलगद काढलं. कोथिंबिरीच्या जुडीकडे तिनं एकदा मान वळवली, पण ती चूक कुणीही केली असती. हेमांगीच्या कानात शहराची मार्गवाणी बोलत होती. कॅमेऱ्यांतून पाहून वाट सांगणारा तो आवाज आता सगळेच वापरत.

बाजारामागच्या नव्या कोऱ्या पदपथावर मिरी थांबली. हेमांगीच्या तळव्यावर पाचही गाद्या एकदम आवळल्या.

"वाट मोकळी आहे. पुढे चला," मार्गवाणी म्हणाली.

"चल मिरी," हेमांगीनं सांगितलं. मूठ आणखी घट्ट झाली.

"मलाही काही दिसत नाही," डॉ. तेंडोलकर म्हणाल्या. "नव्या फरश्यांना बुजली असेल. कळ दाबा."

हेमांगीचा अंगठा कळीवर गेला आणि तिथेच थांबला. दाबली असती, तर मिरी आनंदानं पुढे गेली असती. जीव लावण्याची खूण करून तिला तिच्याच भीतीविरुद्ध न्यायचं होतं. हेमांगीला एकाएकी स्वतःच्या अंगठ्याची किळस आली.

"नाही दाबणार."

"हेमांगीताई, मग मला नापास लिहावं लागेल. बिथरलेला घोडा गर्दीत घुसला तर काय होतं, ते मी पाहिलंय. घोडी अडली की कळ दाबायची, हा नियम उगीच नाही."

"लिहा. पण ती नाही म्हणतेय, मॅडम. नाही म्हणायला मीच तिला भाषा दिली. आता ती बोलली, तर मीच ऐकू नको?"

हेमांगी खाली बसली आणि तिनं पांढऱ्या काठीनं पुढची फरशी ठोकली. आवाज भरीव आला. त्यापुढची ठोकली, तर रिकाम्या डब्यासारखा आला. तिनं हात लांबवून काठी जोरात आपटली. फरशी कलली, सरकली आणि गेली. क्षणभरानं खोल कुठेतरी पाण्याचा आवाज झाला.

खालची माती वाहून गेली होती. वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्यांना ती पोकळी दिसणार कशी? मिरीच्या खुरांना मात्र ती कळली होती.

लोकांनी धावाधाव करून दोर बांधले. उदेसिंग पुढे आले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून हेमांगीच्या हातावर टाकलं आणि त्याखाली तिचा हात धरून मूठ आवळली. इतकी घट्ट, की तिची बोटं दुखली. हे जनावर कुणाला द्यायचं नाही.

"हाई घोडीच शे, बेटा," ते म्हणाले. "आन् तू गिरास्यांनी पोर शे."

हेमांगीची मान ताठ झाली. आयुष्यात इतका अभिमान तिला कधी वाटला नव्हता, आणि त्यात मिरीचा वाटा मोठा होता.

"मूर्ती लहान, पण कीर्ती महान," डॉ. तेंडोलकर म्हणाल्या. मग त्या गंभीर झाल्या. "नियमानं तुम्ही नापास आहात. आणि माझ्या मते नियमही नापास आहे. दोन्ही लिहीन. मिरी तुमच्याकडेच राहावी म्हणून मी भांडेन. पण एक सांगा, कळ काढून टाकली आणि उद्या ती नुसत्या पिशवीला भिऊन रस्त्यात उभी राहिली तर?"

"मीही तिच्याबरोबर उभी राहीन."

"आणि कळ ठेवली, आणि त्या दिवशी तुम्हाला घाई असली तर?"

हेमांगीनं दांडा सोडला आणि मिरीचा खांदा स्वतःच्या बोटांनी खाजवला. मिरीनं डोळे मिटून सगळं अंग तिच्यावर टाकलं. एवढा विश्वास टाकणाऱ्या जिवाचा नकार आपल्याला रोज सोसवेल का?

"कळ काढा, मॅडम," ती म्हणाली. "आजच काढा. उद्या मी ती दाबणार नाही, याची खात्री कोण देणार?"