दार धरणारा माणूस

दोन्ही हातांत खोका घेतलेल्या मुलीसाठी दार उघडू नकोस, असं कुठल्या आईनं मुलाला शिकवलंय?

त्यानं उघडलं. डोळ्यांच्या इस्पितळाचं मागचं दार, कार्ड लावल्याशिवाय न उघडणारं. त्यानं आपलं कार्ड लावलं, पायानं दार अडवलं आणि म्हणाला, "या… सांभाळून, पायरी आहे."

ती आत आली. आणि तिथंच तो नापास झाला.

(थांबा. आधी ती कोण ते सांगते.)

ती चोर नव्हती. चोर कसा शिरेल ते चोराच्या आधी शोधायचं, हे तिचं काम. रुग्णांची माहिती ठेवलेले संगणक सुरक्षित आहेत का, हे तपासायला इस्पितळाच्या व्यवस्थापकांनीच तिच्या कंपनीला बोलावलं होतं. सायबर सुरक्षेच्या वर्गात ती एकटीच मुलगी. घरी तिला शंकेखोर म्हणत. आई तर कपाळाला हात लावायची, "लोकांची कुलपं हलवून बघायची, हे काय मुलीचं काम?" कंपनीतल्या वरिष्ठ बाई, ज्यांना सगळे ताई म्हणत, त्यांनी मात्र मुलाखतीत 'शंकेखोर' हा शब्द ऐकला आणि म्हणाल्या, "अशीच हवी होती."

आणि पहिल्याच कामात तिच्या हातात काय आलं? रिकामा खोका.

"द्या इकडे. एवढा मोठा आणि… अरे, हलकाच आहे की! काय आहे यात?"

"नाजूक सामान."

"मग मीच नेतो. माझे हात नाजूक कामाचेच आहेत. चष्म्याच्या काचा घासतो मी. तुम्ही कुठं निघालात?"

"संगणकांच्या खोलीत."

"चला, सोडतो."

"सगळ्यांनाच असं सोडता?"

"छे हो!" तो थबकला. "आज पहिल्यांदाच."

तिचे कान गरम झाले. ती हसली. कामावर असताना कान गरम होणं बरं नव्हे.

विचार ना, ती मनात म्हणत होती. कोण तुम्ही, कुणी पाठवलं… विचार ना रे बाबा! पण त्यानं संगणकांच्या खोलीचंही दार उघडलं, वर म्हणाला, "काम झालं की चहाला या."

ती चहाला गेली नाही. संगणकावर पिवळी चिठ्ठी चिकटवली, 'इथवर पोचले.' फोटो काढला आणि निघून गेली.

*

बैठक. पडद्यावर पिवळी चिठ्ठी. मागच्या रांगेत तो.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कसं विझत गेलं, ते तिला दिसलं.

"आत कुणी सोडलं?" व्यवस्थापकांनी विचारलं. "नाव सांगा. आजच घरी बसवतो."

ताई म्हणाल्या, "तपासणी तिची आहे. तीच सांगेल."

ती उभी राहिली. "नाव सांगणार नाही."

"का? ओळखीचा निघाला की काय?" कुणीतरी फिदीफिदी हसलं. व्यवस्थापक हसले नाहीत. "नाव नसेल, तर पुढचं काम तुम्हाला देणं अवघड आहे."

"एकाला घरी बसवलंत, तर उद्या ज्याच्या हातून चूक होईल तो ती लपवेल. चोराला तेच हवं असतं." ती पुढे म्हणाली, "त्या दारातून औषधांचे खोके येतात. हात भरलेल्या माणसाला कार्ड लावताच येत नाही. कुणीतरी दार धरावंच लागतं. बाहेर एक टेबल ठेवा. खोका टेबलावर ठेवायचा, आपलं कार्ड आपण लावायचं."

"टेबल?"

"टेबल."

व्यवस्थापकांनी ताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, "मला यात काही जोडायचं नाही."

व्यवस्थापकांनी वहीत 'टेबल' लिहून घेतलं. "बरं. ठेवून बघू."

*

त्यानं तिला जिन्याजवळ गाठलं.

"माझी नोकरी वाचवलीत. आभार." मग, खाली बघत, "त्या दिवशी तुम्ही हसलात… तोही कामाचाच भाग होता?"

"नाही!"

"असला तरी तुम्ही 'नाही'च म्हणाल ना?"

खोटं बोलायचा पगार घेतलेल्या मुलीनं खरं बोलायचं तरी कसं?

घरी ती चपला न काढताच बसली. आईनं ताट सरकवलं. "काम गेलं का?"

"काम टिकलं. एका माणसाला माझं खरं वाटत नाही."

आईनं आमटी वाढली. कुलपांबद्दल एक शब्द बोलली नाही. "मग परत जा नि सांग," ती म्हणाली. "पण कंपनीचं कार्ड घरी ठेवून जा."

*

सुट्टीच्या दिवशी ती पुढच्या दारानं गेली. नोंदणीच्या खिडकीवरच्या मुलीला आपलं खरं नाव सांगितलं.

"त्या खोकेवाल्या तुम्हीच ना?" ती मुलगी खिडकीतून जवळजवळ बाहेर आली. "आमच्याकडे सगळे म्हणतात, हे तपासणीचं काम मुलींना जमत नाही. मला जमेल?"

"इथं बसून दिवसभरात किती लोकांच्या थापा पकडतेस?"

"सगळ्यांच्या!"

"मग अर्धं आलंच तुला. उरलेलं मी शिकवते. नंबर घे माझा."

आतल्या खोलीत काचा घासायचं यंत्र घरघरत होतं. त्यानं मान वर केली.

"आज काय तपासायचंय?"

"काही नाही. कुणी पाठवलेलं नाही. तुम्हाला भेटायला आलेय." तिनं श्वास घेतला. "त्या दिवशी हसले ते… कामात बसत नव्हतं. ताईंना सांगितलं, तर त्यांची बोलणीही खाल्ली त्यावरून."

"खरंच रागावल्या?"

"खूप."

तो पाहत राहिला. चष्म्याशिवाय बारीक अक्षर वाचणाऱ्या माणसासारखा, डोळे किलकिले करून. मग त्यानं यंत्र बंद केलं आणि दुसऱ्या स्टुलावरची धूळ बाहीनं पुसली.

बाहेर बाकावर एक आजोबा नव्या काचांची वाट बघत बसले होते. त्यांना आज जरा उशीर होणार होता.