एक पाऊल मागे

काम साधंच होतं. आमचंच घर विकायचं होतं आणि एजंटला सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ हवा होता. जन्मभर दुसऱ्यांचे समारंभ शूट केले, मग स्वतःच्या घरासाठी भाड्याचा माणूस कोण आणणार? लेक मला तिच्याकडे न्यायला आली होती. भर दुपारी ती आतल्या खोलीत कपाटं रिकामी करत होती.

कॅमेऱ्याचा स्वतःचा स्क्रीन कधीचाच गेला होता. म्हणून बायकोचा जुना फोन काढला, वायरने कॅमेऱ्याला जोडला आणि क्लिप लावून वर बसवला. कॅमेऱ्याला जे दिसतं ते फोनवर दिसतं, एवढाच त्याचा उपयोग. सिमकार्ड ती गेली त्याच आठवड्यात बंद केलं होतं. रडलो मात्र नव्हतो. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. धीर कसला! दात काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर गाल जसा होतो ना, तसा मी अख्खाच झालो होतो.

स्वयंपाकघरात स्टँड लावला. फोनवर ओटा दिसला, खिडकी दिसली आणि खिडकीपाशी एक हिरवा चौकोन आला. माणसाचा चेहरा सापडला की कॅमेरा त्याच्याभोवती असा चौकोन काढतो आणि तिथे फोकस धरतो. पण तिथे कोणीच नव्हतं. होतं असं कधीकधी, पडद्याच्या चुण्यांतही त्याला नाकडोळे दिसतात. फक्त, खिडकीचा पडदा लेकीने सकाळीच काढून ठेवला होता.

बायको होती तेव्हा फोकस घ्यायला मी तिलाच उभी करायचो. गिऱ्हाईक नटूनथटून येईपर्यंत त्याच्या जागेवर ती. मी म्हणायचो, "एक पाऊल मागे." ती म्हणायची, "आटपा हो, मी काय खांब आहे?"

सवयीने तोंडातून निघून गेलं, "एक पाऊल मागे."

चौकोन लहान झाला.

मला भीती वाटली नाही. तेव्हा मला काहीच वाटत नसे. फोकस छान बसलाय, एवढं मनात आलं. मी हॉलमध्ये गेलो, चौकोन तिथे आला. बेडरूममध्ये गेलो, तिथेही आला.

"कुणाशी बोलतोयस, बाबा?" लेक हातातले कपडे खाली ठेवत म्हणाली.

"कुणाशी नाही. जरा उभी राहा तिथे. फोकस घेतो."

"लवकर कर हं. पोरं वाट बघत असतील माझी."

फोनवर आता दोन चौकोन होते. एक लेकीच्या चेहऱ्यावर, दुसरा तिच्या मागे, खांद्याशी. तेव्हाच वायर उपटायला हवी होती. लेकीचा हात धरून घराबाहेर पडायला हवं होतं. कळत होतं मला सगळं.

"एक पाऊल मागे," मी म्हणालो.

"मागे कपाट आहे, बाबा…"

"आहे जागा. सरक."

ती सरकली. दोन चौकोनांचा एक झाला. लेकीने सगळा भार डाव्या पायावर टाकला, हात कमरेवर ठेवला आणि हळूच म्हणाली,

"आटपा हो… मी काय खांब आहे?"

लेकीने मला जन्मात कधी अहोजाहो केलेलं नाही. मी बघत राहिलो. डोळ्यांना धार लागली, ती गेल्यापासून पहिल्यांदाच. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

व्हिडिओ एजंटला पाठवला नाही. स्वयंपाकघरात पडदा पुन्हा लागला. जावयाचे फोन येतात, मागून पोरांचे आवाज येतात. ती ऐकते आणि माझ्याकडे फोन देते. म्हणते, "कोण आहे बघा हो, मला काही ओळख पटत नाही."

काल पुन्हा कॅमेरा लावून पाहिला. ती ओट्यापाशी उभी होती, चेहऱ्यावर चौकोन. दुसरा चौकोन तिच्या मागे होता, सरकवलेल्या पडद्यापलीकडे, खिडकीच्या बाहेर, अगदी लहान. आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे.

'एक पाऊल पुढे' म्हटलं की लेक पुढे येईल, हे मला ठाऊक आहे. अजून म्हटलेलं नाही.